‘मेझर’ कुठे लिहायचं

चि. मुक्ता,

तुझ्या पूर-अहवालाचा इंग्रजी मसुदा सावकाश वाचला. नकाशे स्वच्छ आहेत, तक्तेही जुळतात. मला बोलायचंय ते क्रियापदांबद्दल. पाण्याची पातळी, विसर्ग, बुडालेलं क्षेत्र, पिकांचं नुकसान, सगळ्यालाच तू ‘मेझर’ लावलंयस. यातल्या निम्म्या गोष्टी कोणी मोजलेल्याच नाहीत गं.

विसर्गाचंच घे. काठावरच्या पट्टीवर पातळी वाचली, ती मोजली. तिथे ‘मेझर’ बेधडक लिही. पाणी आवाक्यात असताना पात्राचा छेद उभ्या पट्ट्यांत वाटून, प्रत्येक पट्टीत खोलीच्या 0.6 वर (पाणी खोल असेल तर 0.2 आणि 0.8 वर, मग सरासरी) प्रवाहमापीने वेग घेतलास, त्याला क्षेत्रफळाने गुणून बेरीज केलीस, तर त्या दिवसाचा विसर्गही मोजलाच म्हणायचा. पण भर पुरात, ओंडके वाहत येत असताना, होडी कोण घालणार? तेव्हा आपण आधीच्या मोजण्यांवरून काढलेला पातळी-विसर्ग वक्र उघडतो आणि त्यावरून आकडा काढतो. त्याला ‘एस्टिमेट’च म्हणायचं. त्यातही पाणी वक्रावरच्या सगळ्यात वरच्या मोजणीच्या पुढे गेलं असेल, तर आपण नुसती रेघ वर लांबवलेली असते. मग तो आकडा आणखी कच्चा, आणि ते त्याच वाक्यात सांगायला हवं. परिशिष्ट कोणी उघडत नाही. उद्या कोणी त्या आकड्यावर पुलाची उंची ठरवेल. त्याला ‘मेझर्ड’ दिसलं की तो पुन्हा तपासणार नाही. म्हणून मी एवढा हट्ट धरतोय.

‘असेस’ची गोष्ट वेगळी. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. पट्टीवर 41 दिसले, ते मोजमाप झालं. खालच्या वस्तीतली माणसं आत्ताच हलवायची की थांबायचं, हे मात्र कोणीतरी परिस्थिती बघून ठरवतं. ‘असेस’ लिहिलंस की कोणी ठरवलं आणि कशाच्या आधारावर, हेही लिहावं लागतं. पंचनाम्यातही तेच. क्षेत्र सातबाऱ्यावरून घेतात, नुकसानीचा टक्का उभ्या पिकाकडे बघून. मदतीची अट 33 टक्क्यांची. तिथे एखाद्या शेतकऱ्याच्या नावापुढे 30 पडले की 35, यावर त्याचं वर्ष अवलंबून असतं. असा टक्का ‘मेझर्ड’ म्हणून छापला, तर त्याने दाद कशाच्या जोरावर मागायची?

आता ‘रीअसेस’. हे क्रियापद हल्ली फार सैल वापरतात. आकडा बदलला की लावून मोकळे. सुप्रमाचा, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यतेचा, प्रस्ताव आठव. दरसूची बदलली, कामाची व्याप्ती वाढली की संकल्पचित्र बदललं, हे वेगवेगळं दाखवल्याशिवाय फाइल पुढे सरकत नाही. इंग्रजी अहवालातही तीच शिस्त हवी: आधी काय धरलं होतं, आता काय धरलं, मध्ये नवं काय हाती आलं.

याचा उत्तम दाखला एव्हरेस्टचा. शंभरांहून अधिक मैलांवरून थिओडोलाइटने घेतलेले कोन, हवेतल्या वक्रीभवनाची दुरुस्ती आणि राधानाथ सिकदारांचं गणित, यांतून 1856 मध्ये 29,002 फूट हा आकडा जाहीर झाला. 1955 मध्ये भारतीय सर्वेक्षण विभागाने 8,848 मीटर दिला. 2020 मध्ये नेपाळ आणि चीनने 8,848.86 जाहीर केला, तो थेट शिखरावर उपग्रह-ग्राहक नेऊन. पद्धत बदलली म्हणून आकडा बदलला, त्यामुळे आधीच्यांना कोणी खोटं म्हणत नाही. 1856 च्या आकड्यामागच्या सर्वेक्षणाचा पाया घालणाऱ्या विल्यम लॅम्बटनने 1802 मध्ये मद्रासजवळ पहिली आधाररेषा घेतली, तेव्हा पोलादी साखळी उन्हाने किती लांबते याचाही हिशेब ठेवला होता. मोजलं म्हणायचं तर इतकं करावं लागतं. हा माणूस 1823 मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला, तिथेच त्याची कबर आहे. वर्ध्याकडे गेलीस तर बघून ये.

आता कामाचं. विसर्गाचा तक्ता फोडून दोन कर: प्रवाहमापीचे दिवस एकीकडे, वक्रावरून काढलेले दुसरीकडे. पुराने पात्र खरवडलं असणार, काही ठिकाणी गाळही बसला असेल. तेव्हा जुना वक्र वापरण्याआधी छेद शेवटचा कधी घेतला ती तारीख शाखा कार्यालयातून मागव. नुकसानीच्या प्रकरणात ‘असेस्ड’ कर आणि पंचनाम्याची तारीख घाल. एवढं झालं की उपअभियंत्यांकडे पाठव. त्यांनी ‘एस्टिमेट’ शब्दावर बोट ठेवलं, तर वक्र काढून त्यांच्यापुढे ठेव.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा