न तोडलेल्या झाडाचे पैसे

झाड तोडले की पैसे मिळतात, हे आपल्याला ठाऊक आहे. पण झाड उभेच ठेवले तर कोणी पैसे देईल का? दक्षिण अमेरिकेतील ब्राझील देशात एका आदिवासी जमातीने हे करून पाहिले. तिची ही हकीकत.

जमातीचे नाव पैतेर सुरुई. ॲमेझॉनच्या अफाट रानात तिची वस्ती आहे. तिच्या वाट्याचे रान सुमारे २,४८,००० हेक्टर, म्हणजे सहा लाख एकरांहून जास्त! सरकारी माणसांशी या लोकांची पहिली गाठ १९६९ साली पडली. बाहेरच्या माणसांबरोबर गोवर आला, क्षय आला. अंगाला या रोगांची सवय नव्हती. माणसे भराभर मेली. काही शेकडाच उरली. मागोमाग लाकडाचे व्यापारी आले. पैशाची नड होती, म्हणून काही सुरुई पुढाऱ्यांनीच झाडे विकली. दाम मिळाला थोडा. त्यांना नावे तरी कशी ठेवावी? कर्ज डोक्यावर बसले की आपणही बांधावरचा आंबा विकतोच ना!

पुढे आल्मीर सुरुई नावाचा तरुण पुढारी झाला. तो म्हणू लागला, रान संपले की आपणही संपलो. पण नुसते ‘तोडू नका’ म्हणून पोट भरते काय? दुसरी मिळकत हवी. ती त्याला कर्बाच्या व्यवहारात दिसली.

कर्ब म्हणजे काय? भट्टीत लाकूड कोंडून जाळले की काळा कोळसा उरतो. तो बहुतेक कर्बच असतो. झाड वाढताना हवेतला कर्बवायू ओढून घेते आणि त्यातला कर्ब लाकडात साठवते. झाड जाळले किंवा कुजले की तो पुन्हा हवेत जातो. गिरण्या, मोटारी यांच्या धुरातूनही तो जातो. हवेत तो फार झाला म्हणून पृथ्वी तापते आहे. तेव्हा धूर सोडणारी एखादी कंपनी रान राखणाऱ्यांना म्हणते, तुम्ही रान राखा, आम्ही पैसे देतो. एक टन कर्बवायू हवेत जायचा वाचला, की एक कार्बन क्रेडिट झाले. बाजारात विकतात ते हेच.

आता हिशेब बघा. रान राखले नसते तर किती तुटले असते, याचा आधी अंदाज बांधतात. मग खरोखर किती तुटले ते मोजतात. मधला फरक विकायचा. न झालेल्या चोरीचा पंचनामा करण्यासारखेच हे अवघड! अंदाज फुगवला तर सगळा व्यवहार खोटा. म्हणून बाहेरचे तपासनीस लागतात.

सुरुईंनी आधी कुळाकुळांच्या बैठका घेतल्या. लाकूडतोड थांबवायचे २००९ साली ठरले. तरुण पोरे मोबाईल फोन घेऊन रानात गेली. झाडांचे घेर त्यांनी स्वतः मोजले. चोरटी तोड कुठे होते, त्याची नोंद नकाशावर केली. पैसा आला तर तो जमातीच्याच निधीत जायचा, असेही ठरले. २०१२ साली तपासनीसांची मान्यता मिळाली. २०१३ साली नातुरा नावाच्या ब्राझिली कंपनीने १,२०,००० टनांची क्रेडिटे घेतली. आदिवासींनी स्वतः चालवलेली अशी योजना जगात पहिलीच.

पण रानाखाली हिरे निघाले, सोने निघाले. चोरून खाणी सुरू झाल्या. खाणवाला रोख पैसा हातावर ठेवतो. कर्बाचा पैसा मोजणीनंतर येतो, आणि तोही सर्वांचा. जमातीत दोन तट पडले. काहींनी योजनेलाच विरोध केला. तोड पुन्हा वाढली. रान तुटू लागल्यावर विकायचे काय? २०१८ साली योजना थांबली.

या योजनेत फसवणूक नव्हती, उणीव राखणीत होती, असे मला वाटते. परक्याला खाणीतून हाकलण्याचे काम सरकारी पोलिसांचे. फोन हाती घेतलेल्या पोरांनी ते एकट्याने कसे करावे?

सुरुई आज हजाराच्या वर आहेत. पूर्वी त्यांचे रान बळकावलेल्या लोकांना सरकारने हटवले, तेव्हा कॉफीची झाडे मागे राहिली होती. त्यांतली काही त्यांनी राखली. त्यांची कॉफी आता दूरच्या शहरांत विकली जाते.