धाडसी पिल्लू आणि आठ वर्षांची मैत्रीण

प्रश्न : माझ्या आठ वर्षांच्या मुलीनं गल्लीतलं महिनाभराचं गावठी पिल्लू घरी आणलंय. भारी धीट आहे, सारखं महामार्गाकडे धावतं. ठेवावं का?
– एक वाचक, विसरवाडी

उत्तर : त्याची आई आसपास असेल, तर तूर्त तिच्याकडेच सोडा. आठ आठवड्यांपर्यंत पिल्लू आईपाशी राहावं. दात किती जोरात लावायचे, हे ते भावंडांशी खेळतानाच शिकतं. तोवर मुलीनं रोज पाणी ठेवावं. तीही काळजीच आहे.

घरी आणल्यावर जंतांचं औषध आणि तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस द्या. सुरत-धुळे महामार्गावरची वाहनं थांबत नाहीत, म्हणून बाहेर नेताना दोरी हवीच. सुटलंच तर मागे धावू नका, त्याला तो खेळ वाटतो. उलट दिशेला पळत हाक मारा.

मुलीला त्याची देहबोली शिकवा. शेपूट पायांत घेतली, तोंड फिरवलं, सारखे ओठ चाटले, की हात मागे घ्यायचा. जेवताना, झोपेत त्याला छेडायचं नाही.

सर्वांत महत्त्वाचं : साधा ओरखडा निघाला तरी पिल्लाला घरातून काढतील या भीतीनं मुलं तो लपवतात. रागावणार नाही, असं तिला आजच सांगा. जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुऊन त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा.