मातीची साक्ष देणारे सूत्रकृमी

सूत्रकृमी म्हटले की शेतकऱ्याला टोमॅटोच्या, वांग्याच्या किंवा डाळिंबाच्या मुळांवरील गाठी आठवतात. औषध सोडून त्यांचा नायनाट करावा, एवढाच विचार मनात येतो. परंतु मुळांवर जगणारे सूत्रकृमी हा एका विशाल परिवाराचा केवळ एक भाग आहे. बाकीचे कोणी जिवाणू खातात, कोणी बुरशी, तर कोणी आपल्याच भाईबंदांना गिळतात. पृथ्वीवरील दर पाच प्राण्यांपैकी सुमारे चार सूत्रकृमी असावेत, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. मातीतले बहुतेक जेमतेम एक मिलिमीटरचे आणि पारदर्शक असतात. म्हणून पायाखाली असूनही ते आपल्याला दिसत नाहीत.

हा जीव मातीच्या कणांभोवतीच्या पाण्याच्या पातळ थरात राहतो. त्याला दूर पळून जाता येत नाही. त्या पाण्यात जे विरघळेल, ते त्याला भोगावेच लागते. नदीच्या गाळातही हेच घडते.

मग त्याची साक्ष वाचायची कशी? नेदरलँड्सचे टॉम बोंगर्स यांनी १९९० मध्ये एक पद्धत मांडली. मुळांवर जगणारे वगळून उरलेल्या कुळांना त्यांनी १ ते ५ गुण दिले. झपाट्याने वाढणाऱ्या, कशातही तग धरणाऱ्या कुळांना १. सावकाश वाढणाऱ्या, थोडी अंडी घालणाऱ्या, उलथापालथ न सोसणाऱ्या कुळांना ५. नमुन्यातील गुणांची सरासरी काढली की माती किती स्थिरावली आहे ते कळते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. गर्दी म्हणजे आरोग्य नव्हे. ताजे शेण पडले की थोड्याच दिवसांत पहिल्या गटाची झुंबड उडते. संख्या वाढते, सरासरी मात्र घसरते. खरा प्रश्न आहे, कोण नाहीसे झाले? नेदरलँड्समध्ये तांबे मिसळलेल्या प्रायोगिक शेतात शिकारी आणि सर्वभक्षी सूत्रकृमींना सर्वाधिक फटका बसला. द्राक्षबागेत वर्षानुवर्षे मोरचुदाचे बोर्डो मिश्रण फवारणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. तांबे कुजत नाही. ते मातीत साठत जाते.

हे जीव पाहायची युक्ती सोपी आहे. १९१७ मध्ये बेअरमन यांनी ती, आजच्या इंडोनेशियात, अंकुशकृमीच्या अळ्या मातीत शोधण्यासाठी मांडली. नरसाळ्याला रबरी नळी जोडून ती चिमट्याने बंद करावी, पाणी भरावे आणि पातळ कापडात बांधलेली माती त्यात टेकवावी. एक-दोन दिवसांत कृमी कापडातून निसटून नळीच्या तळाशी जमतात. थोडे पाणी काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरले की वळवळणारे धागे दिसतात.

कुळ ओळखणे मात्र जाणकाराचे काम. कृषी विद्यापीठाच्या सूत्रकृमी विभागात नमुना देताना मुळांवर जगणारे किती, एवढेच न विचारता शिकारी किती उरले, हेही विचारावे.