पुण्यातील भाड्याचा फ्लॅट : इसार देण्यापूर्वीचा हिशेब



ऊसबिल खात्यावर जमा झाले की पुण्यात एखादा फ्लॅट घ्यावा व भाड्याने द्यावा, असे अलीकडे बरेच सभासद बोलून दाखवतात. गटात फिरताना बेण्याबरोबर हाही विषय निघतो. विचार वाईट नाही. परंतु गावात बसून मोबाईलवरचे फोटो पाहायचे आणि इसार द्यायचा, म्हणजे बांधावरून ऊस पाहून टनेज सांगण्यातला प्रकार झाला. खरे वजन काट्यावरच कळते.

तेव्हा आधी काटा करू. समजा, मुद्रांक व नोंदणी धरून फ्लॅट ५० लाखांना पडला आणि भाडे महिना १५ हजार ठरले. वर्षाचे झाले १ लाख ८० हजार. त्यातून सोसायटीचा देखभाल खर्च ३० हजार, घरपट्टी व दुरुस्ती २० हजार, आणि एक महिना जागा रिकामी राहिली त्याचे १५ हजार वजा करा. हाती राहिले १ लाख १५ हजार, म्हणजे शेकडा २.३०. बँकेचे व्याज याच्या कितीतरी वर आहे, त्यामुळे भाड्यातून हप्ता फिटेल ही समजूत सोडून द्यावी. पुढे किंमत वाढेलही, पण ती वाढ म्हणजे दुसरा हप्ता. मिळेल तेव्हा आपला. शिवाय शेतीच्या उत्पन्नासारखे भाडे आयकरमुक्त नसते. एवढ्यासाठी पाण्याखालची जमीन कोणी विकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

जागेचे क्षेत्र विचारताना कार्पेटच विचारा. जिना, लिफ्ट, भिंती धरून सांगितलेले फूट म्हणजे पाचटासकट मोळीचे वजन.

नवे बांधकाम असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक घ्या. मुलाला संकेतस्थळ उघडायला सांगा. मंजूर नकाशे, ताब्याची तारीख, चालू दावे तेथे घरबसल्या दिसतात. २०१६ च्या कायद्याप्रमाणे करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांवर रक्कम घेता येत नाही. कोणी घाई करू लागला तर हे ठणकावून सांगा. जुना फ्लॅट असेल तर इंडेक्स टू, मागचे सर्व करारनामे, शेअर सर्टिफिकेट आणि सोसायटीचा बाकी नसल्याचा दाखला पाहावा. वकील आपला असावा, विकणाऱ्याचा नव्हे. आणि एकदा तरी स्वतः जाऊन या, तेही उन्हाळ्यात. टँकर येतो की नळाला पाणी आहे ते वॉचमनच सांगेल.

भाडेकरू ठेवताना तोंडी व्यवहार नको. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने करार लेखी व नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. ही नोंदणी आता आधार व अंगठ्यावर ऑनलाइन होते, पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात कळवावी. सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावते, ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. आपण सहकारातली माणसे, जास्त मागितल्यास लेखी विचारावे.

राहिला प्रश्न देखरेखीचा. नळ गळाला, भाडेकरू सोडून गेला, तर जाणार कोण? भाचा पुण्यात आहे, एवढ्यावर विसंबू नका. पाहुणा फुकटात दोन महिने करतो, मग फोन उचलत नाही. त्याला महिन्याला काही रक्कम ठरवून द्या, आणि ती वरच्या हिशेबात आधीच धरा.