सौर विद्युत् संचासाठी फ्यूजची निवड

विजेच्या खांबांपासून दूर असलेल्या वाड्या-वस्त्यांवर आणि शेतघरांत सौर पटल, बॅटरी व इन्व्हर्टर यांचा संच आता परिचित झाला आहे. 12 व्होल्टच्या बॅटरीला हात लागला तरी झटका बसत नाही. त्यामुळे ती निर्धोक आहे, असा समज आढळतो. हा समज घातक होय. 150 अँपिअर-तास क्षमतेच्या शिसे-आम्ल बॅटरीची दोन टोके चुकून जोडली गेल्यास हजाराहून अधिक अँपिअर प्रवाह वाहू शकतो आणि क्षणार्धात तार तापून तिचे आवरण पेट घेते.

फ्यूज हा मुख्यतः तारेच्या रक्षणासाठी असतो, हे प्रथम ध्यानात घ्यावे. त्याचे मान नेहमीच्या कमाल प्रवाहाच्या किमान सव्वापट असावे. मात्र ते तारेच्या वहनक्षमतेपेक्षा अधिक असू नये.

उदाहरणार्थ, 12 व्होल्टच्या दिव्यांचा एकूण भार 60 वॉट असेल, तर प्रवाह 5 अँपिअर होतो. त्याची सव्वापट 6.25 होते, म्हणून 7.5 अँपिअरचा फ्यूज घ्यावा. 500 वॉटच्या इन्व्हर्टरचा हिशेब निराळा आहे. त्याची कार्यक्षमता 85 टक्के धरली आणि बॅटरी 11 व्होल्टपर्यंत उतरली, तर तो सुमारे 54 अँपिअर प्रवाह ओढतो. त्याची सव्वापट 67 होते. येथे 80 अँपिअरचा फ्यूज बसवावयाचा असल्यास तारही तेवढा प्रवाह सुखरूप वाहणारी हवी. तार बारीक असेल, तर तार बदलावी.

घरगुती विजेचा प्रत्यावर्ती प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझण्यास मदत होते. बॅटरीचा दिष्ट प्रवाह मात्र अखंड असतो. म्हणून फ्यूजवर दिष्ट प्रवाहाचे व्होल्टमान नोंदलेले असावे आणि बॅटरीचा शॉर्ट सर्किट प्रवाह तोडण्याची क्षमता त्यात असावी. लिथियम बॅटरीसाठी ही क्षमता विशेष पाहावी.

मुख्य फ्यूज बॅटरीच्या धन टोकाच्या शक्य तितक्या जवळ बसवावा. टोक व फ्यूज यांमधील तारेला कोणतेही संरक्षण नसते. पटलांच्या तीन किंवा अधिक माळा समांतर जोडल्यास प्रत्येक माळेला स्वतंत्र फ्यूज द्यावा. पटलामागील पट्टीवर दिलेली कमाल मर्यादा त्याने ओलांडू नये.

फ्यूज वितळल्यास आधी दोष शोधावा. त्याच्या जागी तांब्याची तार गुंडाळणे म्हणजे घराला आगीच्या स्वाधीन करणे होय. प्रत्येक मानाचा एक जादा फ्यूज संचाजवळ ठेवावा.