दारातला पूल

नालासोपाऱ्यातल्या तुळिंजच्या वन रूम किचनमध्ये रेल्वेचं मॉडेल मांडायचं, तर गाडी कुठे ना कुठे दार ओलांडणारच. पुण्यात कोथरूडच्या जोशींच्या मिनिएचर रेल्वे म्युझियममध्ये हा प्रश्न नाही. तिथे मांडणी एकीकडे, बघणारे दुसरीकडे. आमच्याकडे भिंतीलगत फळी आणि स्वयंपाकघराच्या दारात काढता-घालता येणारा पूल. 'खालून वाकून जा' असं आईला सांगून पाहिलं. तिने नुसतं गुडघ्याकडे बोट दाखवलं.

पहिला पूल प्लायचा. मे महिन्यात दोन्ही टोकांना पोस्टकार्ड सरकेल एवढीच फट, सगळे सुतारकामाची वाहवा करत होते. जुलैत प्लाय फुगला आणि पूल खाचेत रुतून बसला. बाहेर नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी, घरात पूल जाम आणि पलीकडे चहाचा ट्रे घेऊन आई. शेवटी हातोडीने ठोकून काढला, तेव्हा कडेचे रूळही उखडले.

आपल्या दमट पट्ट्यात पुलाला ॲल्युमिनियमचा चौकोनी पाइपच घ्यावा. फळीच्या प्लायच्या कडांनाही रंग पाजावा. पाणी कडेतूनच आत शिरतं. पूल जागेवर बसवायला दोन्ही टोकांना पितळी खुंट्या, पण भोक एकाच टोकाला गोल ठेवावं, दुसऱ्याला लांबट. खऱ्या गर्डर पुलालाही एक टोक पक्कं आणि दुसरं सरकतं ठेवतात, ते लांबी वाढली-घटली तरी पूल अडू नये म्हणून.

रूळ मात्र आधी कापू नयेत. पूल बसवून रूळ सलग पलीकडे न्यावेत, सांध्याच्या दोन्ही अंगांना पितळी स्क्रू पिळून त्यांच्या डोक्यांना रूळ डाग देऊन जोडावेत आणि मगच बारीक पात्याने कापावं. मॉडेलच्या एचओ मापात दोन रुळांमधलं अंतर जेमतेम साडेसोळा मिलिमीटर. तिथे अर्ध्या मिलिमीटरचा फरकही चाक उतरवतो.

आता विजेचं. पूल काढलेला असताना गाडी खाली पडू नये म्हणून काठाजवळचा वीतभर रूळ निर्जीव ठेवा, असं बहुतेक जण सांगतात. इंजिन पुढे असेल तर ते ठीक. इंजिन मागून डबे ढकलत असेल, तर ते चालू रुळावरच राहतं आणि डबे एकामागून एक फरशीवर. त्यापेक्षा कंट्रोलरची एक तारच पुलावरून फिरवून आणावी. पूल काढला की सगळी मांडणी बंद, कोणी काही लक्षात ठेवायला नको. पांबनच्या जुन्या रेल्वे पुलावर वाऱ्याचा वेग ताशी ५८ किलोमीटरवर गेला की सिग्नल आपोआप लाल व्हायचा, माणसावर भिस्त नव्हती. तरी जड फ्लायव्हीलचं इंजिन वीज तुटल्यावरही थोडं घरंगळतं, म्हणून काठावर एक लाकडी अडसरही हवा.

काढलेल्या पुलासाठी भिंतीवर दोन खुंट्या आधीच ठोकाव्यात. दाराआड टेकवलेला पूल केर काढताना हमखास पडतो. रुळाचं टोक वाकलं की सरळ करत बसू नये, नवा तुकडा टाकावा.