डेऱ्यात पुरलेले रुपे

शास्त्रपाठ : लूक १२:१३-२१, यहोशवा ७, गणना २७:१-११

मूर्ख धनवानाचा दाखला आपण शब्बाथ शाळेत पुष्कळदा शिकवितो. पण बहुधा आरंभ करतो तो सोळाव्या वचनापासून, शेताला भरपूर पीक आले तेथून. त्यामुळे मुलांच्या ध्यानात कोठारे तेवढी राहतात. वास्तविक गोष्ट तीन वचने अगोदर सुरू होते. समुदायातून एक मनुष्य प्रभूला विनंती करतो की, माझ्या भावाला वतन वाटून द्यावयास सांगा. प्रभू वाटणी करण्याचे नाकारतो, आणि लगेच लोभाविषयी सावध करतो; त्या एकालाच नव्हे, तर ऐकणाऱ्या सर्वांना. म्हणजे दाखला श्रीमंताचा असला तरी तो सांगितला गेला दोन भावांच्या तंट्यावरून.

आम्हां माळव्यातील मराठी लोकांना भावांच्या वाटणीची गोष्ट नवी नाही. देवासला तुकोजी व जिवाजी पवार या दोघा भावांपासून थोरली पाती आणि धाकटी पाती झाली, व १९४८ साली संस्थाने विलीन होईपर्यंत एकाच गावात दोन राजे नांदले. राजांचे निभावले. गरिबाच्या घरी एकाएकी पैसा आला आणि त्याची वाटणी निघाली की काय होते, ते पाहण्यास धार जिल्ह्यात नर्मदेच्या काठी जावे लागेल.

सरदार सरोवराच्या पाण्याखाली तेथील गावे जाणार होती. नर्मदा पाणीतंटा लवादाने १९७९ साली निवाडा दिला की, जमीन जाईल त्याला जमीनच द्यावी, आणि शेतकऱ्याच्या प्रत्येक सज्ञान मुलास स्वतंत्र कुटुंब धरावे. निवाडा न्यायाचा होता. पुढे मात्र मध्य प्रदेशात पुष्कळांना जमिनीऐवजी रोख रक्कम देऊ करण्यात आली, तीही दोन हप्त्यांत. दुसरा हप्ता जमिनीचे खरेदीखत दाखविल्यावर. येथे दलाल शिरले. खत तयार, शिक्का तयार, जमीन मात्र दुसऱ्याचीच, किंवा मुळात विकलेलीच नाही! तक्रारी इतक्या वाढल्या की, उच्च न्यायालयाने २००८ साली निवृत्त न्यायमूर्ती झा यांचा आयोग चौकशीस नेमला. शेवटी ८ फेब्रुवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ६८१ कुटुंबांना प्रत्येकी ६० लाख रुपये, आणि बनावट खतांत फसलेल्यांना, पूर्वी मिळालेली रक्कम वजा करून, १५ लाख रुपये देण्याचा आदेश दिला. २०१९ साली धरण प्रथमच पूर्ण भरले तेव्हा निसरपूर व चिखल्दा येथील घरांत पाणी शिरले. तोवर कित्येकांजवळ पैसाही उरला नव्हता आणि जमीनही नव्हती.

यात मोठी चोरी कोणाची, हे सांगावयास नको. घर बुडालेल्या माणसालाच लोभी ठरवून मोकळे होणारा उपदेशक आम्हांस मान्य नाही. तरीही एक गोष्ट मनात सलते. कागदावर प्रत्येक मुलगा वेगळे कुटुंब झाला, तो हक्कासाठी. पण दलालाला तेच सोयीचे पडले. बापाला एकदा गाठावे, थोरल्याला वेगळे, धाकट्याला वेगळे, आणि प्रत्येकाला हेच सांगावे की, इतक्यात घरी बोलू नका.

आपल्या मंडळ्यांतही असे प्रसंग येतात. कोणाची शेती कारखान्यासाठी घेतली जाते. कोणाला फंडाची रक्कम एकदम हाती येते. ज्या घरात महिनाअखेर डाळ उसनी आणीत, तेथे दारात नवी फटफटी उभी राहते. आठवड्यात मागणारे येतात, महिन्यात दूरचे नातेवाईक. पासबुक ट्रंकेत कपड्यांखाली जाते, आणि किती आले हे पत्नीलाही ठाऊक नसते. दोन वर्षांनी पाहावे तर फटफटी विकलेली असते, भाऊ कोर्टात उभे असतात, आणि म्हातारी आई कोणाकडे जेवते हे पाळकांना विचारावे लागते.

कपड्यांखालचे ते पासबुक पाहून आखानाची आठवण होते. यरीहोच्या लुटीतून त्याने एक उंची झगा, दोनशे शेकेल रुपे आणि पन्नास शेकेलांची सोन्याची वीट घेतली व डेऱ्यात जमिनीत पुरून ठेवली. त्या डेऱ्यात इतर माणसेही राहत होती. जमीन उकरलेली कोणालाच दिसली नाही काय? शास्त्र याविषयी काही सांगत नाही. इतकेच की, यहोशवाने विचारीपर्यंत कोणी बोलले नाही, आणि तोवर आय येथे छत्तीस माणसे पडली होती.

हा पाठ शिकविताना एका मुलीने आम्हांस विचारले, “चोरी बापाने केली; मग मुलांचे काय चुकले?” शिक्षकांनी अशा वेळी घाईने उत्तर देऊ नये. आम्ही दिले आणि ते अपुरे पडले. त्या न्यायाचे मर्म आम्हांस आजही पुरते उमगलेले नाही. पण पुरलेल्या धनाचा भार ज्यांनी ते पुरले नाही त्यांच्यावरही पडतो, हे त्या मुलीला आमच्याहून चांगले ठाऊक असावे. तिच्या घरी त्या वर्षी दोन चुली झाल्या होत्या.

मग मंडळीने काय करावे? वाटणी करावयास बसू नये. प्रभूनेच ते काम नाकारले. पण पैसा येण्यापूर्वी पाळकांनी अथवा एखाद्या वडिलांनी त्या घरी जावे, प्रार्थना करावी, आणि रक्कम किती, कोणाच्या नावे, कर्ज किती, हे सर्वांसमक्ष मोठ्याने बोलले जाईल असे पाहावे. सुना व मुली स्वयंपाकघरात राहू नयेत. निवाड्यात सज्ञान मुलगे मोजले गेले. सज्ञान मुलींचा तसा उल्लेख नव्हता. सलाफहादाच्या पाच मुलींवर हीच वेळ आली होती. त्यांनी आडून मागितले नाही. दर्शनमंडपाच्या दारी, मोशे, याजक आणि साऱ्या मंडळीपुढे उभ्या राहून मागितले, आणि देवाने त्यांचे म्हणणे रास्त ठरविले.

वर्गात गणना २७ मुलींकडूनच मोठ्याने वाचून घ्यावे. त्यानंतर मुलांना एवढेच विचारावे की, लूक १२ मधला दुसरा भाऊ, ज्याच्याविरुद्ध तक्रार होती, तो त्या दिवशी गर्दीत असता तर काय म्हणाला असता? उत्तरासाठी वेळ द्यावा.